हाताला येतं, कागदावर अडतं: धंदेशिक्षणातल्या अक्षर-आकड्यांची पार्श्वभूमी

बडोद्यात मकरपुरा जीआयडीसीच्या, म्हणजे औद्योगिक वसाहतीच्या, बाजूला मी संध्याकाळची फिटरची बॅच घेतो. मागच्या बॅचला एक काका होते, चाळिशी ओलांडलेले, मूळचे खानदेशचे, वीसेक वर्षं हेल्परी केलेली, कंपनी म्हणाली सर्टिफिकेट आणा मग ग्रेड बघू म्हणून आलेले. फाइलिंग, म्हणजे कानशीनं घासून जॉब सपाट करणं, असं की जॉबवर राइटअँगल (काटकोन्या) ठेवून उजेडाकडे धरला तर फटीतून किरण येत नाही. आणि थिअरीचा पेपर जवळजवळ कोरा. घरी अहिराणी, राहत्या पोळीत, म्हणजे गल्लीत, गुजराती, सुपरवायझरशी हिंदी, ड्रॉइंग इंग्लिशमध्ये आणि पेपर पुस्तकी हिंदीत, आता माणसानं कुठल्या भाषेत नापास व्हायचं सांगा. ०.५ मोठं की ०.०५ विचारलं तर म्हणाले ०.०५, आकडे जास्त आहेत ना सर. पण तीन सूत आणि पाव इंच यात मोठं काय हे विचारलं तर माझं वाक्य संपायच्या आत उत्तर. (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, सुतार-गवंडी-फिटर सगळे वापरतात, आपल्या डिग्रीवाल्या पोरांना विचारून बघा.)

तर या अडचणीला आता जगात एक नाव आहे. ऑस्ट्रेलियात भाषा, साक्षरता आणि अंकज्ञान हे तीन शब्द जोडूनच बोलतात आणि प्रौढांना धंदा शिकवणाऱ्यानं याकडे लक्ष द्यायचं हे त्याचंच काम धरतात, २०१६ च्या ट्रेनर-कोर्समध्ये हा विषय सक्तीचाच होता. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा वाटलं वा, काय नवीन काढलंय. मग लक्षात आलं की आपल्याकडे, म्हणजे अक्षरशः इथे बडोद्यात, हा प्रश्न सव्वाशेहून जास्त वर्षांपूर्वी कुणीतरी नीट मांडला होता.

थोडं आधीपासून. जोतिबा फुल्यांनी पुण्यात १८५५ मध्ये दिवसभर राबणाऱ्यांसाठी रात्रशाळा काढली. नंतर १८८२ मध्ये सरकारनं शिक्षणासाठी नेमलेल्या हंटर कमिशनपुढे जे निवेदन दिलं त्यात त्यांनी मागितलं काय, तर मोडी आणि बाळबोध वाचता-लिहिता येणं, हिशेब, शेतीचं प्राथमिक ज्ञान, आरोग्याचे दोन धडे. म्हणजे अक्षर, आकडा आणि पोटाचा धंदा एकाच पाटीवर. हे एकत्र असणं महत्त्वाचं आहे, कारण पुढे ते तुटलं.

आता बडोदा. सयाजीराव महाराज स्वतः उशिरा शिकलेले, हे आपण पुतळ्यापुढून जाताना विसरतो. कवळाण्याचा शेतकऱ्याचा मुलगा, १८७५ मध्ये बाराव्या वर्षी दत्तक आला आणि मग मराठी, गुजराती, उर्दू, इंग्लिश अशा चार भाषांचा अभ्यास एकदम अंगावर पडला. वय वाढल्यावर अक्षर शिकणं काय असतं हे त्यांना कुणी सांगायला नको होतं, निदान मी तरी त्यांच्या पुढच्या कारभाराकडे असंच बघतो.

१८९० मध्ये महाराजांचं कलाभवन, म्हणजे कारागिरी शिकवणारी संस्था, सुरू झालं. सूत्रं प्रोफेसर त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर यांच्याकडे, सुरतेचे, सुतारकीची परंपरा असलेल्या घरातले आणि केमिस्ट्रीचे एम.ए. (मुंबईत व्हिक्टोरिया राणीच्या पुतळ्याला चाफेकरांनी डांबर फासलं, ते डाग काढणारे हेच गज्जर. आपल्या माणसांनी फासलं, आपल्याच बडोद्याच्या माणसानं पुसलं, काय बोलणार.) त्यांचं म्हणणं साधं होतं, की कारागिराला नवी विद्या द्यायची तर ती देशी भाषेत द्या, इंग्लिश येईपर्यंत त्याला थांबवू नका. रंगाई, सुतारकाम, यंत्रकाम, विणकाम असे विषय, शिकवणं गुजरातीतून, आणि गुजरातीत पुस्तकंच नव्हती म्हणून ती तयार करायला महाराजांनी पन्नास हजार रुपये मंजूर केले, त्यातून सयाजी ज्ञानमंजूषा ही माला निघाली. त्या काळचे पन्नास हजार, आणि ते मशीन घ्यायला नाहीत, शब्द तयार करायला. आज कुठल्याही स्किल सेंटरच्या बजेटमध्ये लेथ, ड्रिल, प्रोजेक्टर, बायोमेट्रिक सगळं दिसेल, शब्दांसाठी एक ओळ दाखवा. दादासाहेब फाळकेही याच कलाभवनात शिकले, आणि १९४९ मध्ये युनिव्हर्सिटी झाली तेव्हा ते तिची टेक्नॉलॉजी फॅकल्टी बनलं. पॅलेस रोडवरून जाताना आपण अजून कलाभवनच म्हणतो, पण आत आता इंजिनियर होतात आणि इंग्लिशमधून होतात. असो.

गज्जरांच्या मार्गात एक खाच मात्र होती आणि ती आजही आहे. देशी भाषा म्हणजे कुठली? पुस्तकातली की वर्कशॉपमधली? आयटीआयच्या हिंदी पुस्तकात लीस्ट काउंटला, म्हणजे साधनानं मोजता येणाऱ्या सगळ्यात लहान मापाला, अल्पतमांक म्हणतात. माझ्या बॅचमध्ये अल्पतमांक म्हटलं की सगळे एकमेकांकडे बघतात आणि लीस्ट काउंट म्हटलं की माना हलतात. मातृभाषेचा आग्रह धरताना हे विसरलं की कारागिराला एका परक्या भाषेतून काढून दुसऱ्या परक्या भाषेत बसवल्यासारखं होतं.

दुसरी गोष्ट महाराजांनी फार लवकर ओळखली. १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीचं प्राथमिक शिक्षण प्रयोग म्हणून, १९०६ मध्ये सगळ्या संस्थानात. पण चार यत्ता शिकलेला मुलगा शेतात गेला, हातात छापील कागद आला नाही, तर काही वर्षांत अक्षर पुसलं जातं. म्हणून १९१० मध्ये अमेरिकेहून बॉर्डन नावाचे ग्रंथपाल आणले, गावोगाव वाचनालयं, पुस्तकांच्या फिरत्या पेट्या, आणि ज्यांना वाचताच येत नाही त्यांच्यासाठी मॅजिक लँटर्नची चित्रं दाखवणारी वेगळी शाखा. शिकलेलं विसरतं हे गृहीत धरून केलेली सोय, हेच मला त्यातलं मोठं वाटतं, कारण आमचे काकासुद्धा सहावीपर्यंत शाळेत गेलेले आहेत, सरकारी नोंदीत ते साक्षरच.

स्वातंत्र्यानंतर मात्र वाटा फुटल्या. कारागीर प्रशिक्षण योजना १९५० ची, त्यातून आयटीआय वाढल्या, १९६१ मध्ये अप्रेंटिस कायदा. याच आयटीआयत वर्कशॉप कॅल्क्युलेशन म्हणून विषय आला, चांगलाच आहे, पण तो आठवी-दहावी झालेल्या पोराला समोर धरून बनवलेला. न शिकलेला मोठा माणूस तिकडे नाहीच, तो प्रौढशिक्षणाच्या खात्यात, जिथे अ अननसाचा आहे पण फाइल-हातोडा नाही. आणि मध्येच मापं बदलली. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले, १९५८ पासून मेट्रिक मापं टप्प्याटप्प्यानं आली आणि १९६२ पर्यंत सगळीकडे लागू झाली. जुन्या उजळणीतली पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी ही सोळा आण्यांच्या रुपयाला आणि इंचाच्या भागांना चपखल बसायची, शाळेतून ती गेली. शाळा दशांशाची झाली आणि कामाची जागा सुताचीच राहिली, आता याच्यात काकांची चूक काय? माझे आजोबा दांडिया बाजारच्या दुकानात औटकी तोंडी म्हणत, साडेतीनाचा पाढा, मला आजही जमत नाही.

तुटलेलं जोडायचे प्रयत्न झाले, नाही असं नाही. १९६५ मध्ये तेहरानला युनेस्कोची परिषद भरली, तिथून साक्षरता ही कामाशी जोडलेली हवी हा विचार जोरात आला. आपल्याकडे १९६७ मध्ये मुंबईत वरळीला पहिलं श्रमिक विद्यापीठ निघालं, गिरणी-कारखान्यातल्या माणसाला त्याच्या कामाला लागतं तेवढं वाचन, गणित आणि कसब एकाच ठिकाणी. याच विद्यापीठांना २००० मध्ये जन शिक्षण संस्थान नाव मिळालं आणि २०१८ मध्ये ती कौशल्य मंत्रालयाकडे गेली. बाकी मोठ्या मोहिमा, १९७८ चा राष्ट्रीय प्रौढशिक्षण कार्यक्रम, १९८८ चं साक्षरता मिशन, दोन्हींचा भर १५ ते ३५ वयावर, म्हणजे काकांच्या आजच्या वयाचे त्यातून सुटलेलेच. सध्याचा २०२२ ते २०२७ चा उल्लास कार्यक्रम १५ वर्षांच्या पुढे सगळ्यांना घेतो आणि त्यात पायाभूत अक्षर-आकड्यांसोबत व्यावसायिक कौशल्य हा एक भाग आहे, कागदावर तरी फुल्यांची पाटी परत आली म्हणायची.

तिकडे परदेशातही हे एका रात्रीत झालेलं नाही. अंकज्ञानासाठी न्यूमरसी हा शब्दच मुळी ब्रिटनच्या १९५९ च्या क्राउदर अहवालातला. ऑस्ट्रेलियाचं भाषा-साक्षरता धोरण १९९१ चं, आणि मग २००८ मध्ये शिकणं, वाचन, लेखन, तोंडी संवाद आणि अंकज्ञान अशा पाच कसबांची पायऱ्यांची चौकट. त्यातली एक गोष्ट मी सरळ उचलली. तिथे नुसत्या माणसाची पायरी बघत नाहीत, कामाला कुठली पायरी लागते तेही बघतात. आमचा पेपर मी तसा तपासला, तर व्हर्नियर (मिलिमीटरचे बारीक भाग मोजायचं साधन) वाचायला जेवढं हिंदी लागतं त्याच्या कितीतरी पुढचं हिंदी व्हर्नियरवरचा प्रश्न वाचायला लागत होतं.

मग काकांबरोबर उलटं सुरू केलं, आधी सूत, मग मिलिमीटर. एक इंच २५.४, त्याचे आठ भाग, एक सूत ३.१७५. वहीच्या मागच्या पुठ्ठ्यावर त्यांनी स्वतः कोष्टक केलं, आठ ओळी, आकडे मराठी, शेजारी पाव, अर्धा, पाऊण असं लिहिलेलं. दशांशाचं टिंब कुठे द्यायचं यात दोन संध्याकाळी गेल्या, पैशांत सांगितल्यावर सुटलं, ५० पैसे आणि ५ पैसे. तिसऱ्या दिवशी तीन सुताचा एक तुकडा व्हर्नियरमध्ये धरून आले आणि म्हणाले, सर, वहीत ९.५२५ आलंय, यात ९.५२ दिसतंय, तो शेवटचा पाच कुठे गेला? त्या व्हर्नियरचं लीस्ट काउंट ०.०२. मी म्हटलं बसा, आणि एकोणपन्नास मिलिमीटरचे पन्नास भाग का करतात ते फळ्यावर काढायला घेतलं.