चौथा उंडा

घरातलं माणूस गेलं की बाराव्यापर्यंत कुणीतरी सांगतंच : आधी नकार, मग राग, मग घासाघीस, मग औदासीन्य, शेवटी स्वीकार. या पाच पायऱ्या एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी १९६९ साली मांडल्या त्या मरणासन्न रुग्णांशी बोलून, मागे राहिलेल्यांशी नव्हे. म्हणून ‘मला राग कसा आला नाही?’ ही धास्ती कुणी बाळगू नये.

पहाटे पोदेराचा, म्हणजे गोव्यातल्या पाववाल्याचा, भोंगा वाजतो. सवयीने चार उंडे, म्हणजे गोल पाव, घेतले जातात, आणि टेबलावर मांडताना कळतं, खाणारे तीनच. हा विसराळूपणा नव्हे. मेंदू पुढचा क्षण जुन्या अनुभवावरून आधीच मांडून ठेवतो आणि चुकेल तेवढंच दुरुस्त करतो. तीस वर्षांच्या सोबतीत दहा हजारांहून जास्त सकाळी उत्तर एकच होतं : चार. आणि ही दुरुस्ती एकदा करून भागत नाही. अंथरुणाची वेगळी, फाटकाशी थांबणाऱ्या स्कूटरची वेगळी. आठ महिन्यांत सावरलेलं माणूस चवथीला गणपतीच्या डोक्यावर फळाफुलांची माटोळी बांधताना कोसळतं, कारण ती दुरुस्ती करायची वेळच वर्षातून एकदा येते.

नॉर्वेतल्या संशोधकांना उंदरांच्या मेंदूत अशा पेशी सापडल्या, की एखादी वस्तू उचलून नेल्यावरही तिच्या जुन्या जागी उंदीर आला की त्या चेतत, तेही अनेक दिवस. रिकाम्या खुर्चीकडे नजर जाते तेव्हा आपल्या डोक्यातही असंच काही घडत असावं.

गेलेल्याची चाहूल लागते, हाक ऐकू येते, तेही याच मांडणीतून. वेल्समध्ये १९७१ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत २९३ विधवा-विधुरांपैकी जवळपास निम्म्यांना असे अनुभव होते. तेव्हा आत्मा घुटमळतोय म्हणून भूतबाधा उतरवणाऱ्या घाड्याकडे पैसे ओतू नयेत. दुःखातल्या घराला असं लुबाडणं मला संतापजनक वाटतं.

छातीत कळ आली तर मात्र ‘दुःखानं होतंय’ म्हणून थांबू नये. अ‍ॅड्रेनॅलिनच्या (दुःखाच्या धक्क्यात उसळणाऱ्या संप्रेरकाच्या) लोटाने हृदयाचा डावा कप्पा टोकाशी फुगतो, त्याला ताकोत्सुबो म्हणतात. बहुतेक रुग्ण पाळी गेलेल्या स्त्रिया. ईसीजी हार्ट अ‍ॅटॅकसारखाच दिसतो, फरक अँजिओग्राफीतच कळतो. अशा वेळी १०८ लावावा. बहुतेकांचं हृदय काही आठवड्यांत पूर्ववत होतं.

सहा महिने उलटूनही ओढ इतकी तीव्र असेल की जेवण, झोप, कामधंदा बसला, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात तो वेगळा आजार आहे, आणि त्यावर उपचार आहेत. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, रात्रीही उचलला जातो.