सोनं तेच, फरक वरच्या थराचा

आमच्या विटा-खानापूरकडं घरटी कुणी ना कुणी गलाईला, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करायच्या धंद्याला, परमुलखात असतंच, त्यामुळं ॲसिडात विरघळलेल्या सोन्याचं पिवळं पाणी चुलत्यांच्या दुकानात लहानपणीच बघितलेलं, पण त्याच पाण्यात सायट्रेट (लिंबातल्या आम्लाचा क्षार) घालून उकळलं की ते डाळिंबाच्या रसागत लालभडक होतं हे सांगलीला कॉलेजच्या लॅबमध्ये पहिल्यांदा बघितलं तेव्हा अंगावर काटा आला. त्यात सोन्याचेच कण असतात, १०-२० नॅनोमीटरचे (एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग).

सायट्रेटची ही पद्धत टर्केविच या शास्त्रज्ञाची, १९५१ ची. पण लाल सोनं फॅरेडेनं १८५७ मध्येच अभ्यासलं होतं, आणि मीठ पडलं की ते निळं होतं हेही त्याला दिसलं होतं, कारण कण एकमेकांना चिकटतात. आता हेच आधी चिमूटभर जिलेटीन (हे एक प्रोटीन) घालून करा, मीठ टाकलं तरी लाल ते लालच! झिग्मोंडी या रसायनशास्त्रज्ञानं १९०१ मध्ये यावरनं वेगवेगळ्या पदार्थांचा 'सुवर्णांक', म्हणजे रंग टिकवायला तो पदार्थ किती लागतो, ते मोजलं, पुढं १९२५ चं नोबेल त्याला मिळालं. माझ्या मते सगळ्या विषयाचं मूळ इथंच आहे: प्रोटीन कणावर जाऊन बसतं आणि कणाचं वागणं बदलतं.

१९७१ मध्ये सोन्याच्या कणांवर अँटिबॉडी (ठरावीक रेणूलाच चिकटणारं प्रोटीन) बसवून मायक्रोस्कोपखाली खुणा करायला सुरुवात झाली. १९९४ मध्ये लँगर वगैरे शास्त्रज्ञांनी औषध वाहून नेणाऱ्या कणांवर पीईजी या पॉलिमरचे धागे लावले, कारण उघडे कण रक्तात सोडले की लिव्हर काही मिनिटांत उचलायचं. २००४ मध्ये रोटेलोच्या ग्रुपनं दाखवलं की सोनं तेच, पण वर पॉझिटिव्ह चार्ज असेल तर पेशींना बाधतं आणि निगेटिव्ह असेल तर फारच कमी, कारण पेशीचं आवरण स्वतः निगेटिव्ह असतं, पॉझिटिव्ह कण त्याला चिकटून ते फाडतो.

२००७ मध्ये डॉसन-लिन्से यांच्या टीमनं 'प्रोटीन कोरोना' हे नाव रूढ केलं. रक्तात गेल्या गेल्या कणावर प्रोटीनचा थर चढतो आणि पेशीची गाठ त्या थराशी पडते. २०१३ मध्ये तर कळलं की ट्रान्सफेरिन (रक्तात लोह वाहणारं प्रोटीन) लावून नेमका पेशीकडं धाडलेला कण सीरममध्ये, म्हणजे रक्तातल्या प्रोटीनवाल्या पाण्यात, गेला की पत्ताच विसरतो, वरचा थर ट्रान्सफेरिन झाकून टाकतो. किती जणांची वर्षांची मेहनत त्यात अडकली असेल!

पण २०१८ मध्ये मंजूर झालेल्या पॅटिसिरान या आनुवंशिक आजारावरच्या औषधाचं काम याच थरावर चालतं, औषध ज्या चरबीच्या कणांत भरलेलं असतं त्यांच्यावर रक्तातलं एपोई नावाचं प्रोटीन बसतं, आणि लिव्हरच्या पेशी त्या कणाला ओळखीचा समजून आत घेतात.