राजवाड्याखालचा रोमन धोबीखाना

बार्सिलोनाला गेलेली आपली मंडळी सग्रादा फॅमिलियासमोर फोटो काढतात, जमलं तर फुटबॉलचं स्टेडियम बघतात आणि प्लासा देल रेई हा चौक राहूनच जातो. तिथे अरागॉनच्या राजांचा जुना राजवाडा आहे, आता शहराच्या इतिहासाचं म्युझियम. वरचा टिनेल हॉल १४व्या शतकातला, कमानी बघून मान दुखेल इतका भव्य, पण माझ्या मते खरी मजा खाली आहे. लिफ्टने तळघरात उतरलं की जवळपास ४००० चौरस मीटरवर बार्सिनो पसरलेलं, म्हणजे सम्राट ऑगस्टसच्या काळात वसवलेलं रोमन शहर!

हे सापडलं कसं, तर नवीन रस्त्यामुळे. विया लायेताना हा मोठा रस्ता काढताना कासा पादेयास नावाची जुनी हवेली मध्ये येत होती, ती दगड न् दगड सुटा करून १९३१ मध्ये या चौकात हलवायला घेतली आणि पाया खणताना खाली रोमन भिंती लागल्या. १९४३ मध्ये म्युझियम उघडलं.

खाली देवळं-पुतळे शोधू नका, ही कारखान्यांची वस्ती आहे. एक धोबीखाना आहे. रोमन लोक कपडे धुवायला चक्क शिळी लघवी वापरायचे. लघवीत युरिया असतो, ती ठेवून दिली की बॅक्टेरिया त्याचा अमोनिया करतात, अमोनिया अल्कलाइन, त्यामुळे कापडावरचा तेलकट मळ सुटतो. लघवीला इतकी मागणी की वेस्पाशियन बादशहाने त्यावर टॅक्स लावला होता, सरकार कुठलंही असो, सोडत नाही.

थोडं पुढे माशांचा कारखाना. माशांची आतडी, बारीक मासळी आणि भरपूर मीठ हौदात घालून कित्येक आठवडे ठेवायचं, त्यातून निघणारा रस म्हणजे गारूम, रोमन स्वयंपाकातला लाडका सॉस. एवढ्या मिठात सडवणारे बहुतेक बॅक्टेरिया टिकत नाहीत, पण आतड्यातली एन्झाइम्स काम करत राहतात आणि प्रोटीन तोडून अमिनो ॲसिड्स बनवतात, त्यातलंच एक ग्लुटामेट, म्हणजे अजिनोमोटोवाली चव. थोडक्यात मासा सडत नाही, स्वतःच स्वतःला पचवतो. वास मात्र काय सुटत असेल विचारू नका, आणि बाजूलाच वाइनचा कारखाना!

एवढं खारं पाणी मुरूनही असे रोमन हौद टिकले, त्याचं कारण गिलावा. चुन्यात विटा-कौलांचा चुरा मिसळायचे. भाजलेल्या मातीतली सिलिका आणि ॲल्युमिना चुन्याशी रिॲक्ट होतात, मग तो गिलावा ओलाव्यातही घट्ट होतो आणि पाणी झिरपू देत नाही. आपल्या जुन्या वाड्यांच्या चुन्यातही विटांची भुकटी म्हणजे सुर्खी घालायचे, केमिस्ट्री तीच. रोमन हौद बघताना तळ आणि भिंत मिळते तो कोपरा नीट बघा, बरेचदा तिथे गिलाव्याची गोल पट्टी दिली असते, कारण सांध्यातूनच गळती आधी सुरू होते आणि काटकोनात अडकलेली घाण निघतही नाही.