फोन फॉरमॅटला देताय? आधी जीमेलचा पासवर्ड आठवून पाहा

"पॅटर्न विसरलोय, जरा फॉरमॅट मारून द्या." फॉरमॅट मारायला फार वेळ लागत नाही. मग फोन सुरू होतो आणि आधीचाच जीमेल आयडी मागतो, पासवर्डसकट. तुम्ही आमच्याकडे बघता, आम्ही तुमच्याकडे.

हा फोनचा बिघाड नव्हे. 2015 पासून अँड्रॉइडमध्ये ही सोय आहे. बाहेरून बटणं दाबून रिसेट केलेला फोन जुन्या खात्याशिवाय उघडत नाही, म्हणजे चोराला त्याचा उपयोग नाही. "पलीकडचा पाचशेत काढून देतो," असं आम्हाला ऐकवलं जातं. देत असेल. आम्ही बिल आणि खोकं पाहिल्याशिवाय असा फोन घेत नाही. उद्या तुमचाच चोरीचा फोन आमच्या काउंटरवर आला, तर आम्ही जे करावं असं तुम्हाला वाटेल, तेच आज करतो.

खरी गोम वेगळीच आहे. आयडी काढला दुकानदाराने, पासवर्ड ठेवला नाव आणि पुढे ॲट 123, नंबर टाकला भाच्याचा. पूर्वी घाईगर्दीत आम्हीही असे आयडी काढून दिलेत. आता देत नाही. पासवर्ड विसरला तर एक वेळ निभावतं, पण ओटीपी येणारा नंबर हाताशी हवा. 90 दिवस न वापरलेलं प्रीपेड सिम, बॅलन्स 20 रुपयांखाली असेल तर, कंपनी बंद करू शकते. पुढे तो नंबर दुसऱ्यालाही मिळतो. तेव्हा नंबर बदललात की गुगल खात्याच्या सिक्युरिटीत रिकव्हरी नंबरही त्याच दिवशी बदला.

आणि पासवर्ड नुकताच बदलला असेल, तर फॉरमॅटआधी 24 तास थांबा असं गुगलच सांगतं. आम्ही "उद्या या" म्हणतो ते टाळायला नव्हे.

पासवर्ड कसा हवा? एकमेकांशी संबंध नसलेले चार मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत लिहा: टमरेल, सोमवार, खोबरं, जिना, असे काहीतरी. (हेच नकोत, हे पत्रक गावभर वाटलंय.) गाडीचा नंबर, जन्मतारीख, देवाचं नाव नको. फक्त स्पेलिंग एकदाच ठरवा. 'खोबरं'च्या शेवटी एक ए की दोन, यावर आमच्याकडे अर्धी दुपार गेलेली आहे. जीमेलचा पासवर्ड दुसरीकडे कुठेही वापरू नका. लक्षात राहत नसेल तर वहीत लिहून कपाटात ठेवा, त्यात कमीपणा नाही. फोनच्या कव्हरमागे चिठ्ठी मात्र नको. आम्हाला ती रोज सापडते.

दुरुस्तीला फोन ठेवताना पासवर्ड आम्हाला सांगू नका. लागलाच तर तुम्हीच टाका, आम्ही मान वळवतो.

नवा फोन आमच्याकडे घेतलात, तर आयडी, रिकव्हरी नंबर आणि फोटोंचा बॅकअप तुमच्यासमोर, तुमच्याच हाताने लावून देतो, त्याचे पैसे नाहीत. जुन्या फोनचंही बघून देऊ. दुपारी दोन ते चारमध्ये या, तेव्हा गर्दी नसते.