चार आण्यांच्या फायद्यावर १६२ सामने

२७ ऑक्टोबर २०२०. अमेरिकी बेसबॉलची अंतिम मालिका, सहावा सामना. टॅम्पा बे रेज हा संघ लॉस एंजेलिस डॉजर्सविरुद्ध १-० ने पुढे होता आणि त्यांचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, ब्लेक स्नेल कुणाला जुमानत नव्हता. ७३ चेंडूंत ९ स्ट्राइकआउट, म्हणजे नऊ वेळा बॅटर चेंडू मारता न आल्याने बाद. सहाव्या इनिंगमध्ये त्याला दुसरी हिट बसली, आणि मॅनेजर, म्हणजे मुख्य प्रशिक्षक, केव्हिन कॅशने त्याच्या हातून चेंडू काढून घेतला. पुढे येणाऱ्या तिघा बॅटरना स्नेलने त्या दिवशी सहाच्या सहा वेळा स्ट्राइकआउट केलं होतं! नव्या पिचरला त्यांतल्याच मूकी बेट्सने लगेच डबल ठोकला, म्हणजे एका फटक्यात दुसरा तळ गाठला. डॉजर्स ३-१ ने जिंकले आणि अजिंक्यपदही त्यांचंच झालं.

कॅशला तेव्हा मिळालेल्या शिव्या आजही थांबलेल्या नाहीत. पण त्याने केलं ते लहरीपणाने नव्हे. रेजसारख्या संघाचं सगळं अस्तित्वच असल्या हिशेबांवर उभं आहे.

आयपीएलमध्ये प्रत्येक संघाला खेळाडू घ्यायला सारखीच थैली मिळते. अमेरिकी बेसबॉलमध्ये पगारावर तशी मर्यादा नाही. ठरावीक रकमेच्या वर गेलं तर कर भरावा लागतो, आणि श्रीमंत संघ तो भरतात. सगळे संघ स्थानिक उत्पन्नाचा जवळपास निम्मा भाग एकत्र करून वाटून घेतात, तरी दरी बुजत नाही. २००८ मध्ये न्यूयॉर्क यांकीजचा पगारखर्च सुमारे २१ कोटी डॉलर होता, रेजचा साडेचार कोटींच्याही आत. त्यातून रेजचं मैदान सेंट पीटर्सबर्गमध्ये, आणि टॅम्पा शहर खाडीपलीकडे. २०२३ मध्ये ९९ सामने जिंकून संघ बाद फेरीत गेला, तर पहिल्या सामन्याला १९,७०४ प्रेक्षक आले. कोविडचं वर्ष सोडलं तर बाद फेरीच्या सामन्याला १९१९ नंतर एवढी तुरळक गर्दी कधी झाली नव्हती.

१९९८ मध्ये सुरू झालेल्या या संघाने पहिल्या दहाही हंगामांत नव्वदच्या वर सामने हरले. अकराव्या वर्षी, त्याच २००८ मध्ये, तो थेट अंतिम मालिकेत पोचला. हे कसं झालं?

पहिली गोष्ट कराराच्या नियमांतली. बेसबॉलपटूला साधारण पहिली तीन वर्षं किमान वेतनाच्या आसपास पगार मिळतो, पुढची तीन वर्षं लवादाच्या धाकाने तो वाढत जातो, आणि सहा वर्षांनी तो मोकळा होतो. म्हणजे चोवीस-पंचवीस वर्षांचा चांगला खेळाडू हा बाजारातला सगळ्यात स्वस्त माल. रेज तो घडवतात आणि महाग होण्याआधी विकतात. २०१८ मध्ये त्यांनी पिचर ख्रिस आर्चर पिट्सबर्गला दिला आणि टायलर ग्लॅसनाउसह तीन तरुण घेतले. पाच वर्षांनी ग्लॅसनाउ डॉजर्सकडे गेला आणि तिथे त्याला १३ कोटी ६५ लाख डॉलरचा करार मिळाला. चाहत्यांना मात्र हे जाचतं. आवडत्या खेळाडूची जर्सी घ्यावी तर तो पुढच्या वर्षी असेल याची खात्री नाही.

दुसरी गोष्ट सांख्यिकीची. त्याच पिचरसमोर बॅटर एका सामन्यात तिसऱ्यांदा येतो तेव्हा सरासरीने जास्त चांगला खेळतो, असं वर्षानुवर्षांच्या नोंदी सांगतात. पिचर दमतो म्हणून की त्याचे चेंडू ओळखीचे होतात म्हणून, हे वेगळं काढणं अवघड आहे. रेजने कारणाची वाट न पाहता उपाय केला. १९ मे २०१८ ला त्यांनी एरवी सामन्याच्या उत्तरार्धात येणाऱ्या सर्जिओ रोमोला चक्क सुरुवातीलाच पाठवलं. प्रतिस्पर्ध्यांचे पहिले, सर्वांत धोकादायक बॅटर त्याने उरकले. मुख्य पिचरचा दिवस सुरू झाला तो खालच्या फळीपासून. या पद्धतीला ‘ओपनर’ म्हणतात.

असल्या युक्त्यांचा फायदा एका सामन्यात दिसतही नाही. अंदाजे दहा धावा वाचल्या की हंगामात एक विजय वाढतो, असा ढोबळ हिशेब आहे. शिवाय नशीब. प्रत्येक सामना नाणेफेकीइतका बरोबरीचा धरला तरी हंगामाच्या १६२ सामन्यांत विजयांचा आकडा ८१ च्या सहा-सात इकडे किंवा तिकडे सहज सरकतो. म्हणजे पाच-सहा विजयांची कमाई या गोंगाटातच बुडालेली असते. मात्र दरवर्षी तेवढी कमाई होत राहिली, तर संघ वर येतोच.

गोची होते ती छोट्या मालिकेत. दर सामना जिंकण्याची शक्यता ५५ टक्के असलेला संघ हंगामात ८९ सामने जिंकेल. सात सामन्यांची मालिका मात्र तो शंभरातून फक्त ६१ वेळा जिंकेल.

ते तिघे बॅटर स्नेलसमोर तिसऱ्यांदा येणार होते. म्हणजे कॅशचा निर्णय सरासरीला धरून होता, आणि तो वाटतो तितका वेडगळ नव्हता असं माझं मत आहे. तो फसला तो दुसऱ्या टोकाला. स्नेलच्या जागी आणलेल्या निक अँडरसनने त्याआधी खेळलेल्या सलग सहा सामन्यांत धावा दिल्या होत्या. स्नेल काढायचा का, याचा हिशेब झाला. त्याच्या जागी येणारा आज कसा आहे, याला तेवढं वजन मिळालं नाही.

युक्त्यांवर पेटंट नसतं, त्यामुळे ओपनर लवकरच इतरांनीही उचलला. युक्त्या काढणारी माणसंही विकत मिळतात. रेजला वर आणणारा अँड्र्यू फ्रीडमन २०१४ मध्येच संघ सोडून गेला होता, आणि त्या रात्री अजिंक्य ठरलेल्या डॉजर्सचा कारभार तोच पाहत होता. दोन महिन्यांनंतर, डिसेंबरमध्ये, रेजने स्नेललाही सॅन डिएगोला देऊन टाकलं. पुढच्या हंगामात त्यांनी शंभर सामने जिंकले, संघाच्या इतिहासात पहिल्यांदाच.