गाडगीळ अहवालाची मुळं

सह्याद्रीत कुठे दरड कोसळली की बातम्यांत ‘गाडगीळ अहवाल’ हमखास येतो. पश्चिम घाट तज्ज्ञ समितीचा हा अहवाल ३१ ऑगस्ट २०११ चा. पण त्यातला विचार समितीचे अध्यक्ष, परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांच्या आयुष्यात कितीतरी आधीपासून मुरत आला होता.

जन्म १९४२चा, पुण्यातला. वडील धनंजयराव मोठे अर्थतज्ज्ञ, शिवाय पक्ष्यांचं वेड असलेले. ते वेड त्यांनी मुलाला दिलं. शेजारी मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे राहायच्या. म्हणजे पाखरं आणि माणसं, दोन्हींची ओढ लहानपणीच लागली. कोयना धरणाचं काम चालू असताना वडिलांनी त्यांना तिथे नेलं होतं. वीज तर हवीच, पण तिच्यापायी जंगल आणि माणसं उजाडावीत का, हा प्रश्न मुलाने वडिलांच्याच तोंडून ऐकला.

पुढे हार्वर्ड. पत्नी सुलोचनाताईंनीही तिथेच उपयोजित गणितात डॉक्टरेट केली. १९७१ मध्ये दोघं परत आले. तिकडे सहज जम बसला असता. पण त्यांचा सह्याद्री इथे होता आणि सुलोचनाताईंच्या अभ्यासाचा मान्सूनही. पुण्यात वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तकांबरोबर गाडगीळ देवराया पायी हिंडले. गावाने देवाच्या नावावर राखलेलं रान त्यांनी शास्त्राच्या नजरेने नोंदवलं. १९७३ पासून मुक्काम बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत.

मला सगळ्यात मोलाची वाटते ती कर्नाटकातली बांबूची गोष्ट. कागद गिरण्या बांबू संपवताहेत, ही बुरुडांची तक्रार होती. वनखातं बांबूच्या बेटांच्या बुडातलं काटेरी जाळं साफ करवून घेई. गर्दी कमी झाली की वाढ चांगली होते, अशी समजूत. गावकरी म्हणत, काटे काढू नका, कोवळे कोंब गुरं खातात. गाडगीळ आणि सहकाऱ्यांनी बेटांवर नजर ठेवून कोंब मोजले. गावकऱ्यांचंच खरं निघालं. शिकलेल्या माणसाने न शिकलेल्याचं म्हणणं मोजून पाहावं आणि खरं ठरलं तर तसं लिहावं, हे आपल्याकडे फार थोड्यांनी केलं.

घरातही हीच रीत. सुलोचनाताईंनी १९८० मध्ये हवामानशास्त्रज्ञ डी. आर. सिक्कांसोबत, उपग्रहाच्या चित्रांवरून, पावसाळी ढगांचा पट्टा समुद्रावरून उत्तरेकडे कसा सरकतो ते दाखवलं. पुढे आंध्र प्रदेशातल्या अनंतपूर भागात, कोरडवाहू भुईमूग कधी पेरावा याचा अभ्यास त्यांनी तिथल्या शेतकऱ्यांना सोबत घेऊन केला.

म्हणूनच २०११ च्या अहवालात पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्रांच्या तीन पायऱ्या होत्या, पण त्यांच्या सीमा ग्रामसभांशी बोलून पक्क्या कराव्यात असंही होतं. सरकारने तो महिनोन्महिने दाबून ठेवला. मे २०१२ मध्ये न्यायालयाच्या आदेशानंतर तो लोकांसमोर आला. तोवर गावोगाव पोचली होती ती फक्त अफवा, की आता घराला खिळाही ठोकता येणार नाही.