पॅकर्सची बचावरचना : २००९ मधील बदल आणि २०२४ मधील परतीची वाट

२०२४ च्या आरंभी ग्रीन बे पॅकर्स संघाने जेफ हॅफली यांच्याकडे बचावाची सूत्रे दिली आणि अमेरिकन फुटबॉलमधील हा जुना संघ ३-४ रचना सोडून ४-३ रचनेकडे वळला. या निर्णयाचा अर्थ समजून घ्यायचा तर पंधरा वर्षे मागे जावे लागते, कारण २००९ मध्ये याच संघाने नेमका उलट प्रवास केला होता आणि त्या वेळी कोणाचे नशीब उघडले, कोणाचे मिटले, याची नोंद आजही उपयोगी आहे.

दोन्ही रचनांतील फरक बचावाच्या अकरा खेळाडूंपैकी पुढच्या सात जणांच्या मांडणीचा असतो. ४-३ मध्ये चार जण हात जमिनीला टेकवून आघाडीवर बसतात आणि त्यांच्या मागे तीन लाइनबॅकर उभे राहतात. ३-४ मध्ये आघाडीवर तीन आणि मागे चार. कागदावर एकच माणूस इकडचा तिकडे होतो, पण कामाचे स्वरूप पार बदलते. ३-४ च्या पारंपरिक पद्धतीत आघाडीच्या तिघांनी समोरच्या धिप्पाड खेळाडूला हाताने रोखून त्याच्या दोन्ही बाजूंच्या फटी सांभाळायच्या असतात, म्हणून तिथे वजन आणि चिवटपणा लागतो. क्वार्टरबॅकवर, म्हणजे समोरच्या संघातर्फे चेंडू फेकणाऱ्या मुख्य खेळाडूवर, चाल करून जाण्याचे काम कडेच्या लाइनबॅकरवर येते, आणि चौथा हल्लेखोर कोणत्या बाजूने येणार हे समोरच्या संघाला आधी कळत नाही. कडेच्या लाइनबॅकरला मात्र उभ्याने सुरुवात करावी लागते आणि कधी हल्ला सोडून मागे सरत पास अडवण्याची जबाबदारीही पेलावी लागते.

२००८ च्या हंगामात पॅकर्सची कामगिरी सहा विजय आणि दहा पराभव अशी झाली. जानेवारी २००९ मध्ये मुख्य प्रशिक्षक माइक मॅकार्थी यांनी बचावाचे प्रमुख बॉब सँडर्स यांना दूर करून डॉम केपर्स यांना आणले. केपर्स हे पिट्सबर्ग स्टीलर्स या संघाच्या परंपरेतले. १९९२ पासून मुख्य प्रशिक्षक बिल कावर यांच्या हाताखाली ते स्टीलर्सच्या बचावाचे प्रमुख होते आणि त्यांच्याबरोबर होते डिक लेबो, ज्यांनी १९८० च्या दशकात सिनसिनाटीमध्ये झोन ब्लिट्झ ही पद्धत घडवली होती. या पद्धतीत अनपेक्षित खेळाडू हल्ल्याला जातो आणि हल्ल्याला जाणार असे वाटणारा गुपचूप मागे सरतो.

रचना ठरली, पण माणसे जुन्या रचनेची होती. व्यवस्थापक टेड थॉम्पसन यांनी त्या वर्षीच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी आळीपाळीने नवे खेळाडू निवडण्याच्या वार्षिक प्रक्रियेत, नवव्या क्रमांकावर बॉस्टन कॉलेजचा बी. जे. राजी हा सुमारे दीडशे किलो वजनाचा मधला खेळाडू घेतला. पुढे त्यांनी, एरवी हातची निवड देऊन वर सरकण्याची सवय नसताना, न्यू इंग्लंड संघाला दुसऱ्या फेरीतील एक आणि तिसऱ्या फेरीतील दोन निवडी देऊन पहिल्या फेरीत परत प्रवेश मिळवला आणि सव्विसाव्या क्रमांकावर क्ले मॅथ्यूज हा लाइनबॅकर उचलला. माझ्या मते केपर्स यांच्या नेमणुकीइतकेच वजन या दोन निवडींना आहे.

या बदलाची किंमत ॲरन कॅम्पमन यांनी मोजली. २००६ मध्ये साडेपंधरा आणि २००७ मध्ये बारा सॅक (क्वार्टरबॅकला चेंडू फेकण्याआधीच पाडणे) करणारा हा खेळाडू जमिनीला हात टेकवून समोरच्याला रेटत जाण्यात वाकबगार होता. त्याला उभे करून कडेचा लाइनबॅकर बनवण्यात आले. २००९ मध्ये त्याच्या खात्यात साडेतीनच सॅक जमा झाले, नोव्हेंबरमध्ये गुडघ्याचा अस्थिबंध तुटला आणि २०१० मध्ये तो जॅक्सनव्हिलच्या संघात गेला. त्याच्या मेहनतीत खोट नव्हती. त्याचे कौशल्यच नव्या मांडणीत अडगळीला पडले, आणि इतक्या प्रामाणिक खेळाडूच्या बाबतीत हे आजही मनाला लागते.

त्याच हंगामात पॅकर्सने अकरा सामने जिंकले आणि चेंडू घेऊन धावणाऱ्यांना सर्वांत कमी यार्ड पुढे जाऊ देणारा संघ म्हणून नाव मिळवले. उणीव दिसली ती पासच्या बचावात : ॲरिझोनाविरुद्धचा प्लेऑफ (हंगामानंतरच्या बाद फेरीचा) सामना जादा वेळेत ५१-४५ असा हरला. पुढच्या वर्षी मात्र रचना आणि माणसे यांचा मेळ बसला. जानेवारी २०११ मध्ये शिकागोविरुद्ध राजी हल्ल्याला जाणार असे सगळ्यांना वाटत असताना तो दोन पावले मागे सरला, शिकागोचा क्वार्टरबॅक केलब हॅनी याचा पास थेट त्याच्या हातात आला आणि तो अठरा यार्ड धावत जाऊन टचडाउन करून बसला. झोन ब्लिट्झ म्हणजे काय, हे त्या एका खेळीत उघड दिसते. दोन आठवड्यांनी सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यात, पॅकर्सने लेबो यांच्याच स्टीलर्सना ३१-२५ असे हरवले.

मेळ मोडायला फार वेळ लागला नाही. २०११ मध्ये आघाडीचा कलेन जेनकिन्स फिलाडेल्फियाला गेला, मॅथ्यूजवर समोरच्यांना दोन-दोन माणसे लावता येऊ लागली आणि पंधरा सामने जिंकूनही पॅकर्सचा बचाव यार्डांच्या हिशेबात लीगमध्ये तळाला गेला. केपर्स २०१७ पर्यंत राहिले आणि त्यांच्यानंतरच्या दोन प्रमुखांनीही ३-४ चाच पाया ठेवला.

२०२४ मध्ये हॅफली आले तेव्हा गरजा उलटल्या. कडेचे दोघे आघाडीवर गेल्याने मागे तिसरा लाइनबॅकर हवा होता, म्हणून ड्राफ्टमध्ये एजरिन कूपर आणि टायरॉन हॉपर घेतले गेले. कडेच्या लाइनबॅकरांना आता हात जमिनीला टेकवायचा होता. प्रेस्टन स्मिथ हा २०१९ पासून उभ्याने खेळत आलेला खेळाडू त्यात रुळला नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये पॅकर्सने त्याला सातव्या फेरीतील एका निवडीच्या बदल्यात पिट्सबर्गला दिले, जिथे ३-४ अजूनही चालू होती.